दादासाहेब फाळके

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (जन्म : त्र्यंबकेश्वर, ३० एप्रिल १८७०; मृत्यू : नाशिक, १६ फेब्रुवारी १९४४) हे भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाणारे मराठी चित्रपटनिर्माते, दिग्दर्शक व तंत्रज्ञ होते. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. कोणत्याही संस्थेचे पाठबळ नसताना, स्वतःच्या विम्यावर आणि पत्नीच्या दागिन्यांवर कर्ज काढून, दादरच्या राहत्या घरात आणि मुंबईबाहेरच्या उघड्या माळावर त्यांनी हा चित्रपट पुरा केला. चित्रपटगृह (स्टुडिओ), प्रयोगशाळा, कामगार, परवाना यांपैकी काहीच उपलब्ध नसताना चित्रीकरण कसे करावे, या प्रश्नाशी झगडण्यात त्यांच्या कारकिर्दीचा पूर्वार्ध गेला. या लेखात त्या भागाचा विशेष विस्ताराने विचार केला आहे.

पूर्वजीवन

फाळके यांचे वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृत पंडित होते. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांची संस्कृतचे अध्यापक म्हणून नेमणूक झाल्यावर कुटुंब त्र्यंबकेश्वरहून मुंबईस आले. आईचे नाव द्वारकाबाई. धुंडिराजांनी १८८५ मध्ये सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश घेतला व नंतर बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेचे शिक्षण पूर्ण केले. तेथेच त्यांना छायाचित्रणाची गोडी लागली. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांच्या प्रोत्साहनाने ठसे तयार करणे, शिळाछाप व रंगीत छपाई या कलाही त्यांनी आत्मसात केल्या.

यानंतरची सुमारे पंधरा वर्षे अस्थिर होती. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. परंतु १९०० च्या सुमारास प्लेगच्या साथीत पत्नी व मूल दोघेही दगावले. बडोद्यास परतल्यावर कॅमेऱ्यासमोर बसले की आयुष्य कमी होते या लोकसमजुतीने धंदा चालेना. मग त्यांनी नाटकांचे पडदे रंगविले, आणि एका जर्मन जादूगाराकडून शिकलेल्या हातचलाखीचे प्रयोग, स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून घेतलेल्या प्रोफेसर केल्फा या नावाने केले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नी गिरिजा करंदीकर या विवाहानंतर सरस्वतीबाई झाल्या. १९०३ मध्ये त्यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी धरली. ती सोडून लोणावळ्यास छापखाना काढला व पुढे तो दादरला हलविला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केले. छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन आले. छपाईचा व्यवसाय भरभराटीस आला असतानाच भागीदारांशी मतभेद झाले आणि ते रिकाम्या हाताने बाहेर पडले.

वरवर पाहता हा उद्योगांचा विस्कळीत पसारा वाटतो. प्रत्यक्षात चित्रकला, छायाचित्रण, रसायने, पडदे रंगविणे, जादू आणि यंत्रे या सर्वांचा उपयोग त्यांना पुढे एकाच कामात झाला. बाहेरून तज्ज्ञ आणण्याची ऐपत नसलेल्या माणसाला हे सर्व स्वतः येत होते, हीच त्यांची पुंजी होती.

चित्रपटाकडे

एप्रिल १९११ मध्ये, ईस्टरच्या सुमारास, गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. राम-कृष्णांच्या कथा अशाच पडद्यावर आणता येतील, या विचाराने त्यांना पछाडले. पुढचे काही महिने त्यांनी मिळतील ते चित्रपट पाहण्यात, पुस्तके वाचण्यात आणि एका लहान यंत्रावर प्रयोग करण्यात घालविले. या ताणाने त्यांची दृष्टी काही काळ जवळजवळ गेली होती, डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली.

आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून उभारलेल्या पैशांवर ते १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला निघाले. तेथे 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या कचेरीत ते कोणतीही ओळख नसताना गेले. संपादकांनी प्रथम त्यांना या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, पण अखेर चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. वॉल्टन येथील हेपवर्थ यांच्या चित्रगृहातील सर्व विभाग फाळके यांना पाहता आले. विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवायचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र विकत घेऊन व कोडॅकच्या कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून ते १ एप्रिल १९१२ रोजी मुंबईस परतले.

भांडवलदारांची खात्री पटविण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचे रोज थोडे थोडे चित्रण केले. महिनाभराच्या चित्रांची पट्टी पडद्यावर दाखविली तेव्हा बीजातून अंकुर फुटून वेल वाढताना काही क्षणांत दिसली. 'अंकुराची वाढ' नावाच्या या लघुपटामुळे त्यांना कर्ज मिळाले. बाकीची रक्कम सरस्वतीबाईंच्या दागिन्यांतून उभी राहिली.

पार्श्वभूमी : मुंबईतील आधीचे चित्रण

मुंबईत उघड्यावर चित्रीकरण करणारे फाळके हे पहिले नव्हेत. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथे कुस्तीचे चित्रण केले होते आणि केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर र. पु. परांजपे यांच्या १९०१ मधील स्वागताचेही दृश्य टिपले होते. मे १९१२ मध्ये, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'च्या सुमारे वर्षभर आधी, दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' कॉरोनेशनमध्येच झळकला. तो ग्रँट रोडवरील मंगळदास वाडीत, चालू नाटकाचे एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याने केलेले चित्रण होते. कॅमेरा चालविणारा इंग्रज होता व फिल्म धुण्याचे काम लंडनमध्ये झाले. पहिल्या भारतीय कथापटाचा मान कोणाचा, हा वाद यामुळेच अधूनमधून उफाळतो. येथे एवढेच नोंदविणे पुरेसे आहे की सावेदादांनी शहरात जे घडत होते ते टिपले व तोरणे यांनी रंगमंचावर जे घडत होते ते. फाळके यांना मात्र जे कोठेच नव्हते ते उभे करायचे होते. १९०७ पासून विजेच्या ट्राम धावणाऱ्या मुंबईत सत्ययुगातील अयोध्या आणि काशी दाखवायची, तर तारा, खांब, पाट्या आणि बघ्यांची गर्दी यांपैकी एकही गोष्ट चौकटीत येऊन चालणार नव्हते. म्हणून महाल घराच्या आवारात उभारायचे आणि अरण्य, नदी व रस्ते यांसाठी शहराबाहेर पडायचे, असा मार्ग त्यांनी पत्करला.

'राजा हरिश्चंद्र'चे चित्रीकरण

दादर मेन रोडवरील 'मथुरा भवन' हा बंगला हेच फाळके यांचे घर, चित्रगृह आणि प्रयोगशाळा होते. आज हा रस्ता त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बंगल्याच्या आवारात पडदे व लाकडी देखावे उभारून चित्रीकरण होई. त्या काळची फिल्म मंद होती. कृत्रिम दिव्यांवर तिचे चित्रण करण्याची सोय फाळके यांच्याकडे नव्हती. त्यामुळे राजवाड्यातील दरबारसुद्धा उघड्या आकाशाखाली, उन्हात भरत असे. ऊन कडक असले की चेहऱ्यांवर काळ्या सावल्या पडत आणि ढग आला की काम थांबे. सावल्या उजळण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून प्रकाश परतविला जाई, आणि त्या धरून तासन् तास उभे राहण्याचे काम बहुधा सरस्वतीबाईंकडे असे.

सरस्वतीबाईंच्या कामाचा उल्लेख अनेक चरित्रांत गृहिणीची साथ अशा शब्दांत उरकला जातो, तो अपुरा आहे. कच्ची फिल्म छिद्रे न पाडलेली येत असे. ती अंधारात यंत्रावर घालून कडेला अचूक अंतरावर छिद्रे पाडावी लागत. एखादे छिद्र चुकले तर चित्र पडद्यावर थरथरे. हे काम त्या करीत. रात्री फिल्म धुण्यासाठी रसायने मिसळणे, पट्ट्या वाळविणे आणि जोडणे यांतही त्यांचा हात होता. शिवाय मंडळीतील सर्व जण तेथेच जेवत, तो स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. आजच्या भाषेत सांगायचे तर प्रकाशयोजना, प्रयोगशाळा आणि निर्मिती-व्यवस्था हे तीन विभाग त्या एकट्या सांभाळीत होत्या. तारामतीची भूमिका करण्याचे मात्र त्यांनी नाकारले. ती केली असती तर बाकीची कामे कोणी केली असती, हा प्रश्नच होता.

कॅमेरा चालविण्यासाठी फाळके यांनी त्र्यंबकेश्वरचे बालमित्र त्र्यंबक तेलंग यांना बोलावून शिकविले. नटांसाठी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. स्त्री-भूमिकेसाठी एकही स्त्री तयार होईना; फाळके वेश्यावस्तीतही जाऊन आले, पण तेथेही नकारच पदरी पडला. अखेर ग्रँट रोडवरील एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके हे नाजूक बांध्याचे तरुण दरमहा १५ रुपयांवर तारामती झाले. इतर स्त्री-भूमिका करणाऱ्या पुरुषांनी मिशा काढण्यास हरकत घेतली, कारण वडील हयात असताना मिशी उतरविणे अशुभ मानले जाई. रोहिदासाच्या भूमिकेसाठीही कोणी आपला मुलगा देईना. गोष्टीत तो मरतो, एवढेच कारण पुरेसे होते. तेव्हा फाळके यांनी आपलाच थोरला मुलगा भालचंद्र याला उभे केले. चित्रपटात काम करणे हे नाटकात काम करण्याहूनही कमी प्रतीचे मानले जात असल्याने, कोणी विचारल्यास आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीस आहोत असे सांगावे, अशी सूचना मंडळींना देण्यात आली होती.

वांगणीचा प्रसंग

बाहेरच्या दृश्यांसाठी वांगणी हे बदलापूर आणि कर्जत यांच्या दरम्यानचे रेल्वे स्थानक असलेले खेडे निवडण्यात आले. मुंबईहून आगगाडीने सामान नेता येईल आणि तरीही चौकटीत डोंगर, झाडे व मोकळा माळच येईल, अशी ती जागा होती. फाळके मागाहून येणार होते. मंडळी आधी पुढे गेली. वेळ वाया जाऊ नये म्हणून त्यांनी पोशाख चढविले, तलवारी व भाले हाती घेतले आणि रानात तालीम सुरू केली. गावकऱ्यांना वाटले, दरोडेखोरांची टोळी उतरली. पाटलाने फौजदारास वर्दी दिली आणि सर्वांना ताब्यात घेण्यात आले. आपण चित्रपटाचे काम करीत आहोत हे सांगून उपयोग नव्हता, कारण चित्रपट म्हणजे काय हेच समोरच्याला ठाऊक नव्हते. फाळके पोहोचल्यावर त्यांनी कॅमेरा मांडला, आत फिल्म न घालताच एका प्रसंगाचे खोटे चित्रीकरण फौजदारासमोर करून दाखविले आणि मग मंडळींची सुटका झाली. फिल्म न घालण्यामागे काटकसर होती. परदेशातून आलेला प्रत्येक फूट मोजून वापरावा लागत होता.

या घटनेकडे गमतीचा किस्सा म्हणून पाहण्याची प्रथा आहे. परंतु तीत एका मूलभूत अडचणीचे दर्शन घडते. त्या काळी मुंबईत वा तिच्या आसपास चित्रीकरणासाठी परवानगी देणारी कोणतीही ठरावीक व्यवस्था नव्हती, त्यामुळे ती मागायची कोणाकडे हेही ठरलेले नव्हते. पाटील, फौजदार, देवस्थानचे पुजारी, घरमालक यांची प्रत्येक वेळी नव्याने समजूत घालावी लागे, आणि तेवढ्या वेळात सूर्य उतरू लागे.

बाहेरच्या चित्रीकरणातच खेळताना भालचंद्र खडकावर पडला आणि डोक्यास मार लागून बेशुद्ध झाला. मंडळींनी त्याला उपचारासाठी मुंबईस नेण्याचा आग्रह धरला. प्रथमोपचार झाले होते. पण चित्रीकरणाचे दिवस संपत आले होते आणि पुन्हा सर्वांना घेऊन येण्याइतके पैसे उरले नव्हते. कथेत पुढचा प्रसंग सर्पदंशाने मृत्यू पावलेल्या रोहिदासाच्या चितेचा होता. फाळके यांनी बेशुद्ध मुलालाच तेथे निजवून तो प्रसंग चित्रित केला. मुलगा पुढे बरा झाला. चरित्रकारांनी याची गणना बहुधा फाळके यांच्या निष्ठेच्या दाखल्यांत केली आहे. वडील म्हणून त्यांचा हा निर्णय समर्थनीय होता का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. दारिद्र्यात केलेल्या चित्रपटाची किंमत पडद्यावर न दिसणाऱ्या माणसांनीही चुकविलेली असते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

सुमारे सात महिन्यांत ३,७०० फूट लांबीचा, चार रिळांचा चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडवरील ऑलिंपिया चित्रपटगृहात निमंत्रितांसाठी खेळ झाला व ३ मे रोजी तो कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी खुला झाला. सोबतीला नृत्य, विनोदी प्रवेश व पायांनी कसरत करणाऱ्या कलावंताचा खेळ असा भरगच्च कार्यक्रम होता. गावोगावी, नाटकाच्या पाच-सहा तासांना सरावलेल्या प्रेक्षकांना आकर्षित करण्यासाठी ५७,००० छायाचित्रांचा खेळ तीन आण्यांत, अशी जाहिरात करण्यात आली. एका फुटात १६ चित्रे धरली तर ३,७०० फुटांत ५९,००० हून अधिक चित्रे भरतात. म्हणजे आकड्यात अतिशयोक्ती नव्हती.

नाशिकला स्थलांतर

पहिल्या चित्रपटाने हात दिल्यावरही फाळके मुंबईत राहिले नाहीत. ३ ऑक्टोबर १९१३ रोजी ते सर्व बिऱ्हाड, यंत्रे व मंडळी घेऊन नाशिकला गेले. गोदावरीचे घाट, जुनी मंदिरे, डोंगर, लेणी आणि त्र्यंबकेश्वरचे अरण्य हाताशी असल्यामुळे पौराणिक कथांना लागणारी बहुतेक स्थळे तेथे तयारच होती. मुंबईत जे पडद्यावर रंगवावे लागे ते नाशिकला कॅमेऱ्यासमोर आयते मिळे. सर्व मंडळी एकाच ठिकाणी राहत असल्याने ऊन पडेल तेव्हा काम सुरू करता येई. येथे तयार झालेल्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) यांनी भूमिका केल्या. भारतीय कथापटात काम करणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया मानल्या जातात. पाठोपाठ 'सत्यवान सावित्री' आला. याशिवाय तळेगावचा काच कारखाना, नाशिक-त्र्यंबकेश्वर परिसर अशा विषयांवर त्यांनी लघुपटही केले.

१९१४ मध्ये तिन्ही चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तेथे राहून काम करण्याविषयी त्यांना विचारणा झाली, ती त्यांनी नाकारली. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले, पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि नाशिकच्या मंडळींचे पगार थकले. फाळके यांच्या कंपनीला भांडवल मिळावे म्हणून लोकमान्य टिळकांनी उद्योगपतींशी बोलणी करून पाहिली, पण ती तडीस गेली नाहीत. या काळात सरस्वतीबाईंचे उरलेले दागिनेही गेले. १९१७ मध्ये आलेल्या 'लंकादहन'ने परिस्थिती पालटली. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. मुंबईत या चित्रपटाचे खेळ सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत चालत. 'चित्रपट कसे तयार करतात' हा त्याच सुमाराचा लघुपट अंशतः उपलब्ध असून त्यात फाळके स्वतः नटांना सूचना देताना व काम करताना दिसतात.

हिंदुस्थान फिल्म कंपनी

'लंकादहन'च्या यशाने भांडवलदार आपणहून आले. १ जानेवारी १९१८ रोजी वामन श्रीधर आपटे व इतर भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली आणि फाळके प्रथमच पैशाच्या विवंचनेतून मोकळे झाले. 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) व 'कालियामर्दन' (१९१९) हे त्यांचे गाजलेले चित्रपट याच काळातील असून दोहोंत त्यांची कन्या मंदाकिनी हिने बालकृष्णाची भूमिका केली. परंतु खर्च आणि वेळ यांचा हिशेब मागणारे भागीदार आणि मनाजोगे होईपर्यंत दृश्य पुन्हा पुन्हा घेणारा दिग्दर्शक यांचे जमले नाही. फाळके कंपनी सोडून काशीला गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. ते चालले नाही. पुढे ते कंपनीत परतले, पण चालकाच्या नव्हे तर नोकराच्या नात्याने. ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी विमा आणि दागिने गहाण टाकले होते, ते पैसा आल्यावर हातचे गेले.

अखेरचा काळ

'सेतुबंधन' (१९३२) हा त्यांचा अखेरचा मूकपट. तो तयार होईपर्यंत १९३१ मध्ये 'आलम आरा' आणि १९३२ मध्येच 'अयोध्येचा राजा' हे बोलपट आले होते. त्यामुळे 'सेतुबंधन'ला नंतर आवाज जोडून १९३४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित करावा लागला. ध्वनीच्या आगमनाने फाळके यांच्या कार्यपद्धतीचाच पाया ढासळला. उघड्यावर, वाऱ्यात आणि वस्तीच्या गलक्यात घेतलेले दृश्य मूकपटाला चालत होते. बोलपटाला बंदिस्त शांत चित्रगृह, जड यंत्रे आणि ध्वनिमुद्रणाचे तज्ज्ञ लागत. एकट्याने कॅमेरा खांद्यावर टाकून नदीकाठी जाण्याचे दिवस संपले. योगायोग असा, की 'अयोध्येचा राजा' हाही हरिश्चंद्राच्याच कथेवर बेतलेला होता.

कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांच्या निमंत्रणावरून कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' हा एकमेव बोलपट दिग्दर्शित केला. ६ ऑगस्ट १९३७ रोजी तो प्रदर्शित झाला तेव्हा त्यांचे वय ६७ होते. त्यानंतर ते नाशिकला निवृत्त झाले व १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर साधारणपणे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट सांगितले जातात.

स्मृती व अवशेष

भारत सरकारने १९६९ पासून त्यांच्या नावे पुरस्कार देण्यास सुरुवात केली. पहिला पुरस्कार देविका राणी यांना मिळाला. १९७१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, तर मुंबईत गोरेगावच्या चित्रनगरीस त्यांचे नाव देण्यात आले आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या निर्मितीची कथा सांगणारा परेश मोकाशी दिग्दर्शित 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा मराठी चित्रपट २००९ मध्ये तयार झाला.

'राजा हरिश्चंद्र' आज संपूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याची केवळ पहिली व शेवटची रिळे आहेत, आणि तीही १९१३ ची नसून १९१७ च्या सुमारास फाळके यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. जपून ठेवलेल्या या भागात तारामती व तिच्या सख्यांच्या जलक्रीडेचा प्रसंग असून पाण्यात उतरलेल्या, ओल्या लुगड्यांतील सर्व सख्या पुरुषच आहेत.